हायडेलबर्गच्या किल्ल्यावरची अविधवा नवमी

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी नाकं मुरडायला नकोत. भुतंखेतं, संकेत, स्वप्नात येऊन काहीतरी सांगून जाणारी माणसं — यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. या साइटवरचे असले अनुभव मी लंच अवरला डेस्कवर डबा खाता खाता वाचते, करमणूक म्हणून. आणि दर तिसऱ्या अनुभवाला मनातल्या मनात "अहो, घरातलं वायरिंग तपासा" असं उत्तर देते. आज मीच लिहायला बसलेय, तेव्हा तुम्हीही मला खुशाल वायरिंग तपासायला सांगा.

माझं कामच तसं आहे. इथे अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या गावात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीमध्ये आहे. तुटलेला भाग टेबलावर येतो आणि तो का तुटला हे मी शोधते. "तुटला आपोआप" असं उत्तर आमच्याकडे चालत नाही. घरीही ती सवय सुटत नाही, आणि माझा नवरा मंदार त्याला कंटाळलेला आहे.

तर झालं असं... २००३ च्या जूनमध्ये नागपूरला माझी आई गेली. संध्याकाळी मोगऱ्याला पाणी घातलं, जरा पडते म्हणाली, आणि उठलीच नाही. आमचं ग्रीन कार्ड नुकतंच झालं होतं म्हणून मला जाता तरी आलं, पण पोहोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. मला मिळाला तो दहावा.

आणि दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही.

ही काय भानगड असते ते तुम्हाला माहीत आहेच. गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिलेली असते, ती घरच्यांनी ओळखून "पुरी करू" असं बोलायचं, मग कावळा शिवतो. घाटावर कावळे भरपूर होते, शेजारच्या पिंडांवर तुटून पडत होते. आमच्या पिंडाकडे एकही फिरकेना. दादा म्हणाला, घर विकणार नाही. वहिनी म्हणाली, तुमचे देव मी सांभाळीन. आत्या म्हणाली, तुझ्या माहेरच्यांचं सगळं करू. मी — विश्वास न ठेवणारी बाई — हात जोडून म्हणाले, आई, बाबांची काळजी करू नको, त्यांना आम्ही काही कमी पडू देणार नाही. कावळे ढिम्म. ऊन चढलं, माणसं घड्याळं बघायला लागली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही घरी आलो.

या सगळ्यात बाबा जरा लांब, हात मागे बांधून उभे होते.

बाबा वीज मंडळातून रिटायर झालेले इंजिनीअर. देव मानत नाहीत, पण आईला पूजेची फुलं रोज स्वतः आणून द्यायचे. मला वाटलं होतं त्या कावळ्याचं ते काही मनावर घेणार नाहीत. पण घरी भेटायला येणारा प्रत्येक जण तेच विचारायचा — काय राहिलं असेल हो वहिनींचं? बाबा उठून आत जायचे. हळूहळू ते कोणी आलं तरी आतच बसायला लागले. जेवण दोन घासांवर आलं. दादा बंगलोरला, मी इथे. बाबा दोघांकडेही यायला तयार नव्हते, अक्षरशः भांडून मी त्यांना २००४ च्या एप्रिलमध्ये नोव्हायला आणलं.

इथे तरी काय... सहा महिने घरामागच्या लाकडी डेकच्या दाराजवळच्या खुर्चीत. मी ऑफिसातून यायचे तेव्हा दुपारचं ताट झाकलेलं तसंच असायचं. बेल्टला नवी भोकं पाडून झाली, मग बेल्टच नवीन आणला. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातले एक रिटायर्ड डॉक्टर काका आहेत, त्यांनी सगळे रिपोर्ट पाहिले. म्हणाले, "अनू, यात काही नाही. यांना जगावंसं वाटत नाहीये, आणि त्यावर माझ्याकडे गोळी नाही." बाबांचं एकच टुमणं होतं, मला घरी सोडा. घरी म्हणजे नागपूरला, त्या रिकाम्या घरात. फोनवर दादाला कपाटातले कागद कुठे आहेत ते समजावून सांगताना मी त्यांना ऐकलं. यांना विमानात बसवलं तर पुढचा फोन कसला येणार हे मला स्वच्छ दिसत होतं.

मंदार त्या सीझनला जर्मनीत हायडेलबर्गजवळच्या एका प्रोजेक्टवर तीन महिने होता. मी डोकं लढवलं. बाबांचं परतीचं तिकीट फ्रँकफर्टवरून काढलं आणि मध्ये पाच दिवस हायडेलबर्गला घातले. बाबांना किल्ल्यांचं वेड. लहानपणी आम्हाला गाविलगड, नरनाळा पायाखालून घालायला लावलेत त्यांनी, आई मागून डबे घेऊन. म्हटलं, जर्मनीतले किल्ले बघून तरी माणूस जरा जागा होईल. व्हिसासाठी शिकागोला दोन फेऱ्या झाल्या. मी बॅगेत रवा, तांदूळ, तूप आणि छोटा कुकर भरला. एअरपोर्टवर तो कुकर बाहेर काढून सिक्युरिटीच्या तिघांनी उलटासुलटा करून पाहिला. शिटी काय असते हे मी हातवारे करून समजावलं.

गाव सुंदरच आहे, त्यात वाद नाही. नदी, तिच्यावर जुना दगडी पूल, आणि वर डोंगराच्या कुशीत लाल दगडाचा अर्धा पडका भलाथोरला किल्ला. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, झाडं पिवळी-तांबडी झालेली. कंपनीने मंदारला जुन्या गावातल्या एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावर छोटं अपार्टमेंट दिलं होतं, लिफ्ट नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट किल्ला.

पहिल्या दिवशी आम्ही बोटीने वरच्या अंगाला गेलो. तिथे एकाच गावाच्या डोक्यावर चार किल्ले आहेत. लोक वेड्यासारखे फोटो काढत होते. बाबा त्या किल्ल्यांकडे बघत होते ते एसटीतून मैलाचे दगड बघावेत तसे. माझा पारा चढला होता, पण कोणावर काढणार? दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या झाडांवर चक्क हिरवे पोपट दिसले, आपल्याकडचे, लाल चोचीचे. बाबा थांबून म्हणाले, हे इथे कुठे? बस, दोन दिवसांत एवढंच बोलले. घरी येताच मी मंदारच्या लॅपटॉपवर गूगल केलं. पाळलेले पोपट सुटतात, थंडीत तगतात, त्यांचे थवे होतात. दोन मिनिटांत खुलासा. हे मुद्दाम सांगतेय, म्हणजे मी काही शोधायचं बाकी ठेवत नाही हे तुमच्या लक्षात येईल.

तिसऱ्या दिवशी अविधवा नवमी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पक्षातलं श्राद्ध त्या दिवशी करतात, हे मला कुठून माहीत असणार... आत्याने नागपूरहून फोन करून बजावलं होतं. जमेल तेवढं कर, कावळ्याचा घास ठेव, मागच्या वेळचं लक्षात आहे ना. त्या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं. पण बाबा समोरच बसले होते, त्यांनी ऐकलं होतं. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

सकाळी लवकर उठून मी वडे तळले, खीर केली, वरणभात लावला. मंदार सातलाच ऑफिसला गेला होता. दही राहिलं म्हणून मी खाली दुकानात गेले आणि तिथे जरा रेंगाळले. खरं सांगायचं तर रडून घेतलं, घरात रडायला जागा नव्हती.

परत जिना चढताना मला बाबांचा आवाज ऐकू आला. बोलत होते. "हो... हो, कळलं. अजून? ... एवढं पुरे? ... बरं." मध्ये मध्ये थांबून, समोरचं माणूस बोलतंय तसं. इतका मोकळा आवाज मी दीड वर्षात ऐकला नव्हता. मला वाटलं मंदारचा फोन असेल. दार उघडलं तर बाबा स्वयंपाकघराच्या ओट्याशी पाठमोरे उभे होते, खिडकी सताड उघडी, सिंकमध्ये धुतलेली कढई. म्हणाले, चहा केला. ज्या माणसाने जन्मात गॅस पेटवला नाही त्याने चहा केला, तोही कढईत? पण वड्यांच्या तळणीचा वास घरभर भरलेला, मला उशीर होत होता. मी मनात म्हटलं, असू दे.

पान घरातच ठेवायचं होतं. पण घास बाहेर ठेवायला खिडकीपाशी ना कठडा, ना गच्ची. कावळ्याचा घास घेऊन आम्ही किल्ल्यावर गेलो. आता हसा. कागदी प्लेटमध्ये वडा, खीर, भात घेऊन एक बाई आणि तिचे वडील तिकीट काढून जर्मन किल्ला चढतायत. पण या सहा महिन्यांत मी नोव्हायच्या डेकवर खारींसाठी ठेवलेले दाणेसुद्धा कॉलनीच्या असोसिएशनच्या नोटिशीनंतर उचललेत, तेव्हा घास ठेवायला मोकळी जागा हवी ही माझी पक्की खूणगाठ होती.

वर एक मोठी दगडी गच्ची आहे, सगळं गाव खाली दिसतं. ऊन छान पडलं होतं. कावळे होते, आपल्यापेक्षा धष्टपुष्ट, टूरिस्टांच्या पायांत फिरून ब्रेडचे तुकडे उचलणारे. मी कोपऱ्यातल्या कठड्यावर प्लेट ठेवली आणि बाकावर बसले. माझा हिशेब सरळ होता. हे कावळे काय वाटेल ते खातात, दोन मिनिटांत वडा पळवतील. बाबा ते बघतील आणि त्यांच्या डोक्यातला तो दहाव्याचा कावळा एकदाचा उडून जाईल. त्यासाठीच तर एवढा खटाटोप.

एकही येईना.

कठड्यावर चार-पाच बसले होते, प्लेटपासून हातभर अंतरावर. शेजारच्या बाकावरच्या माणसाने पावाचा तुकडा टाकला की झेपावायचे, परत येऊन तिथेच बसायचे. वड्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मी प्लेट सरकवली. मी लांब जाऊन उभी राहिले. मग मला रडूच यायला लागलं. जर्मन कावळ्यांना मराठीत सांगायला लागले, दादाशी भांडणार नाही, आत्याला उलट बोलणार नाही, बाबांना माझ्याकडेच ठेवून घेईन, काय हवंय तुला ते सांग. कुठल्याही कावळ्याने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आणि हे सगळं बाबांच्या समोर, म्हणजे मी त्यांचं भलं करायला गेले आणि होतं तेही घालवून बसले.

तेव्हा बाबा उठले. कोटाच्या खिशातून त्यांनी फॉइलची पुडी काढली, उलगडली आणि तळहातावर धरली. आत शिरा होता.

बाबा कठड्याजवळ गेले आणि म्हणाले, "सुमन, केला बघ. जमेल तसा केलाय."

आईला नावाने हाक मारताना मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यातला एक कावळा कठड्यावरून चालत आला. उडत नाही, झडप घालून नाही, चालत. बाबांच्या हातावरच्या पुडीत त्याने चोच घातली आणि खाल्लं. मान वर करून बाबांकडे पाहायचा आणि परत खायचा. शेजारचा माणूस पाव हातात धरून बघत राहिला होता. कावळ्याचं खाऊन झालं, तो उडून गेला. मग बाकीचे आले आणि माझे वडे पळवले.

मी बाबांना धरून बाकावर बसवलं. फॉइलमध्ये थोडा शिरा उरला होता. तो मी तोंडात टाकला. आईचा शिरा. अगदी तोच, रवा जरा जास्त भाजलेला, आणि जायफळ. आई शिऱ्यात वेलची घालत नसे, जायफळ घालायची. मी इथे कितीदा करून पाहिलाय, मला कधी तसा जमला नाही.

बाबा आपणहून बोलायला लागले. आई दर वाढदिवसाला म्हणायची, एकदा तुमच्या हातचं खाऊ द्या. साडी नको, काही नको. बाबा म्हणायचे, करू की, रिटायर झाल्यावर. रिटायर झाल्यावर म्हणाले, दिवाळीत करू. ती हसायची. दहाव्याला कावळा शिवेना तेव्हा सगळे कोड्यात पडले होते, पण बाबांना उत्तर पहिल्या मिनिटापासून माहीत होतं.

"मग बोलला का नाहीत बाबा?"

"काय बोलू? तुला करून घालीन म्हणू? कोणाला घालू आता?" ते म्हणाले. "आणि सगळे होते गं तिथे. लाज वाटली."

दीड वर्ष हे एकट्याने गिळत बसले होते. मी त्यांना कुशीत घेतलं, वडील आहेत हे विसरून. दोघंही मनसोक्त रडलो.

मग माझ्यातली क्वालिटीवाली जागी झाली. विचारलं, शिरा करायला शिकवला कोणी? तर बाबा सहज म्हणाले, "तीच सांगत होती ना. आधी रवा भाजा, घाई करू नका, पाणी उकळून घाला. तू जिन्यावर आलीस तेव्हा झालाच होता."

मी म्हटलं, बरं, मनात आवाज ऐकू येतात माणसाला, दुःखात होतं असं. चाळीस वर्षं जवळून पाहिलेलं आठवतंच. पण बाबा, जायफळ? मी जायफळ आणलंच नव्हतं.

"तिने हातावर ठेवलं," बाबा म्हणाले. आणि मी काहीतरी वेड्यासारखं विचारलंय अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवशी मी दोघांच्या जेवणासाठी बरोबर घेतलेला सगळा डबा बाबांनी संपवला. मग अख्खा किल्ला पाहिला. तळघरात एक घराएवढं दारूचं लाकडी पिंप आहे, त्याच्या माथ्यावर चढले. सुरुंगाने फुटलेल्या बुरुजाच्या भिंतीची जाडी पावलं टाकून मोजली आणि नरनाळ्याची तटबंदी याहून कशी शहाणपणाने बांधलीय यावर मला भाषण दिलं. माझे पाय दुखायला लागले होते, पण मी हूं की चूं केलं नाही.

संध्याकाळी मी ते स्वयंपाकघर उपसलं. प्रत्येक ड्रॉवर, प्रत्येक फळी, कचऱ्याची पिशवीसुद्धा. मीठ, मिरपूड, साखर, मंदारची कॉफी, माझं सामान. जायफळ नाही, जायफळाची पूड नाही, रिकामी डबी नाही, किसणी तर नाहीच नाही. मंदारला विचारलं, त्याने बाबांना फोन केला नव्हता. मंदार म्हणाला, आधीच्या भाडेकरूची उरलेली पुडी असेल, बाबांनी संपवून टाकून दिली असेल. असेल. पण पुडीचा कागद? आणि ज्या माणसाला जिरं आणि ओवा वेगळा ओळखता येत नाही त्याने ती पूड ओळखली कशी?

आता कावळ्याचं म्हणाल तर मी स्वतःच दहा कारणं देऊ शकते. गोड आवडत असेल, माणसाळलेला असेल, वडा फार तळकट असेल. पण मला त्यातलं एकही कारण माझ्या बॉससमोर ठेवायची हिंमत होणार नाही. आज दोन वर्षं झाली. बाबांना याचं उत्तर लागत नाही, आणि मीही आता विचारणं सोडलंय.

दोन दिवसांनी फ्रँकफर्टला आम्ही बाबांना सोडायला गेलो. मी रडत रडत म्हणाले, चला परत नोव्हायला, तिकीट बदलून देते. म्हणाले, नको, घरी काम आहे. कुकर मात्र माझ्याकडून मागून घेतला, आणि त्यांच्या हँडबॅगमधला तो कुकर सिक्युरिटीवाल्याला ते स्वतःच हातवारे करून समजावून सांगत होते. मी काचेपलीकडून बघत होते.

मी दर शनिवारी नागपूरला फोन करते. आई गेल्यावर त्या फोनचा मला धाक बसला होता. मीच बोलायचे, पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा, आणि तरी बाबा रिसीव्हर खाली ठेवायचे नाहीत. ठेवून करायचं तरी काय होतं त्यांना? परतल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी मी फोन लावला. बरीच रिंग वाजली. मग उचलला. मी जेमतेम "बाबा" म्हटलं असेल.

"नंतर कर गं," बाबा म्हणाले. "वांगी लागतील खाली."

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.